आड कोणत्या हाताला

उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरायला लागलं की आमच्या घरात बोलणं कमी होत जायचं. तसं कुणी ठरवलेलं नव्हतं. होळी झाली की पाणी काठापासून मागे सरकायचं. आधी जुन्या चिंचेचा वाळका शेंडा वर यायचा, मग मारुतीच्या देवळाचा कळस, मग पडक्या भिंतींच्या रांगा, आणि अक्षय तृतीयेच्या सुमारास पाण्याखाली गेलेलं आमचं गाव गाळाचा जाड थर अंगावर घेऊन उघड्यावर पडलेलं दिसायचं. नवं गाव वरच्या माळावर होतं. आमच्या अंगणातून खालचं सगळं दिसे. आई, आम्ही तिला माय म्हणायचो, एरवी अंगणात बसून धान्य निवडायची. त्या दिवसांत ती सूप घेऊन आत, चुलीजवळच्या अंधारात बसायची. बापू, म्हणजे वडील, जेवताना दाराकडे पाठ करत. दुपारी वारा पडला की खालून आवाज येई. वाळणारा गाळ तडकतो तेव्हा त्याचा आवाज होतो, हे धरणाकाठी उन्हाळा न काढलेल्या माणसाला सांगून पटत नाही. वाळक्या पापडावर कुणी बोट दाबावं तसा तो आवाज, पण नजर पोचेल तिथवर पसरलेला. तो ऐकला की मी अंगणातून आत पळायचे, आणि घरात कुणीच त्याविषयी बोलत नसल्यामुळे भीती वाढायची.

धरण पैनगंगेवरचं. आमचं गाव कळमनुरी तालुक्यातलं, बाजार आखाडा बाळापूरचा. गाव उठलं तेव्हा मी फार लहान होते. जुन्या गावाची माझी आठवण म्हणजे एका दगडी उंबऱ्याचा तळव्यांना लागणारा गारवा, एवढीच. नव्या गावाचा नकाशा सरकारी होता, सरळ रस्ते आणि चौकोनी प्लॉट. लोकांनी चिठ्ठ्यांनी मिळालेले प्लॉट आपसांत बदलून घेतले आणि जुना शेजार पुन्हा जमवला. मध्ये मारुती बसवला. त्याच्यासमोर, उजव्या हाताला, सरकारने हापसा दिला. शेजारचे रसूलमामू जुन्या गावातही आमचे शेजारी होते, इथेही झाले. पाहुणे आले की माय अभिमानाने सांगायची, "जसंच्या तसं हाय. पान्याखालचं गाव उचलून वर आणून ठिवलंय आमी." ऐकणाऱ्याला ते खरं वाटे. आम्हालाही वाटत असे.

पाणी मागे हटेल तशी उघडी पडणारी ओली जमीन पेरायची पद्धत आहे, तिला गाळपेर म्हणतात. रसूलमामू आणि बापू काठाकाठाने टरबूज, काकडी लावायचे. आमच्याकडे उन्हाळाभर येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या मसालेदार पिठाची, आमटी, ज्वारीची भाकरी आणि चिरलेली गाळपेरची काकडी असे. पण गाळपेर करणारेसुद्धा गावठाणाच्या जागेकडे जात नसत. एका वर्षी मामूंची गाभण म्हैस चरता चरता तिकडे गेली आणि मागच्या पायांनी रुतली. लोकांनी नाडा, म्हणजे जाड दोर, बांधून बैलांनी ओढली. म्हैस निघाली नाही, तिच्या कमरेत काहीतरी मोडलं. तिचं हंबरणं आमच्या अंगणापर्यंत येत राहिलं, नंतर थांबलं. ते थांबल्यावर मायने उठून दार लावून घेतलं होतं, भर दुपारी.

अशा घरात माझा भाऊ वसंता, आमचा दादा, एका उन्हाळ्यात पाहणीचं काम घेऊन आला. तो शहरातल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होता. त्याच्या कदम सरांनी धरणाकाठची पाहणी हाती घेतली होती: पाणी उतरल्यावर उघड्या जमिनीवर कोणत्या वनस्पती आधी येतात, त्यांच्याखालची माती कशी असते, उथळ पाण्यात कोणते जीव राहतात. पुढे त्या जलाशयाच्या काही भागाला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. आता तिथे पाटी आहे आणि थंडीत गळ्यात दुर्बिणी अडकवलेली माणसं येतात. तेव्हा पाटी नव्हती. दादाकडे बांबूच्या कामट्यांची एक चौकट होती. ती जमिनीवर टाकायची आणि तिच्या आत जे उगवलं असेल ते मोजायचं: माका, लव्हाळा, एकदांडी, बेशरमाची रोपं. मातीसाठी लोखंडी गिरमिट होतं, सुताराच्या गिरमिटासारखंच, पण कमरेइतकं उंच. ते फिरवत खाली घालायचं, वर काढायचं, आणि पात्यात अडकलेली माती कापडी पिशवीत भरायची. संध्याकाळी आमच्या अंगणात कागदांवर मातीचे छोटे ढीग वाळत पडायचे आणि वनस्पती वर्तमानपत्रांत घालून जात्याच्या पाळूखाली दाबलेल्या असायच्या.

मायला हे आवडलेलं नव्हतं. गाळाची माती घरात आणणं तिला अपशकुनासारखं वाटे. तरी ती जाता येता वाकून बघायची, खडा बोटांत चुरायची, आणि एकदा म्हणाली, "ही समदी काळी हाय. रानाची."

"मग?" दादा म्हणाला.

"गावाची माती काळी नसती. गाव पांढरीवर असतंय. राखंची, शेनाची, चुलीची माती असती ती. पिढ्यान्‌पिढ्या लोक ऱ्हायलेले असत्यात तिथं."

दादाने ते कदम सरांना कळवलं. सरांचा निरोप आला की गावठाणातली पांढरी माती मिळाली तर फार चांगलं; इतकी वर्षं पाण्याखाली राहून तिच्यावर काय उगवतं ते बघितलं पाहिजे. जमलं तरच, असंही त्यांनी सांगितलं होतं. दादाने ‘जमलं तरच’ हा भाग घरात सांगितला नाही.

त्या रात्रीच्या जेवणावेळी बापू पहिल्यांदा त्या उन्हाळ्यात मोठ्याने बोलले. "काहून जायचं तिथं? मामूची म्हैस विसरला का?"

"म्हशीचं वजन किती, माझं किती, बापू."

"तिला चार पाय व्हते. तुला दोनच हायेत."

"कडंकडंनं जातो. नुसती देवळाजवळची माती घेतो, चौकट टाकतो, येतो."

"देवळाजवळ आड हाय, येड्या." आड म्हणजे गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर, अरुंद आणि खोल. "गाळानं भरला आसंल, वरून दिसायचा न्हाई. लोक समदं विसरले, पर आड विसरला न्हाई आमी."

दादाने मान खाली घालून भाकरी मोडली. त्याचं असं मान खाली घालणं आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. तो जाणार होता. मायलाही ते कळलं. तिने भाकरी थापता थापता, वर न बघता सांगितलं, "मी येते संगं. आड मला म्हाईत हाय. डोळं झाकून दावीन."

बापूंनी ताट सरकवलं. त्यांनी तिला अडवलं नाही, हे मला आजही नवल वाटतं. पण त्या घरात जुन्या गावाबद्दलचा शेवटचा शब्द मायचा असे. कुणाच्या घराला किती खण होते, कुणाच्या दारात कोणतं झाड होतं, यावर वाद झाला की लोक तिला विचारायला येत.

सकाळी आम्ही निघालो. पिशव्या धरायला मी. काठाजवळ बापू आणि मामू टरबुजाच्या वेलांना पाणी घालत होते. मामूंनी हाक मारली, "भाभी, जरा सांभाळून हां. पाय आधी टेकवा, वजन मागून टाका." बापूंनी मान वर केली नाही.

भेगाळलेल्या गाळावर चालताना प्रत्येक भेगेत बघायचा मोह होतो आणि बघू नये असंही वाटतं. वरची पापडी कडक होती. तिच्याखाली काहीतरी हलतं आहे हे तळव्यांना कळत होतं. पाऊल टाकलं की बाजूची पापडी किंचित उचलली जायची, जणू आपण एखाद्या झोपलेल्या जनावराच्या पाठीवरून चाललो आहोत. शिंपल्यांचा खच होता, वाळलेल्या माशांचा वास होता. दादा पुढे गिरमिट टेकवत चालला होता, त्याच्यामागे माय, तिच्या पावलांवर पाऊल ठेवत मी. माय इतकी सरळ चालत होती की मला भीती वाटली. एरवी ती बाजारातसुद्धा खाली बघत चालायची. इथे ती बोलत होती. "ही सोनाराची भिंत. इथून वाट वळती. हितं उकिरडा व्हता, हितं चावडी." भिंतींची नुसती बुडखी उरली होती, पण ती नावं घेत गेली आणि मला खरोखर घरं दिसायला लागली. ते बरं वाटण्याऐवजी आणखी भीतिदायक होतं. त्या घरांतून कुणी बाहेर येईल असं वाटत राहिलं.

देवळाचा पार दगडी होता, गाळातून हातभर वर. त्याच्यावर आम्ही चढलो तेव्हा मी पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतला. आत मूर्ती नव्हती, ती नव्या गावात नेली होती. गाभाऱ्यात गाळ भरलेला होता. मायने रिकाम्या गाभाऱ्याला हात जोडले, देवळासमोर उभी राहिली आणि उजवा हात लांब केला.

"आड तिकडं. उजव्या हाताला. त्या बाजूला पाऊल टाकायचं न्हाई. तू ह्या बाजूनं ये, डावीकडनं. हितं आपलं घर व्हतं."

डावीकडे, पारापासून थोड्या अंतरावर, लव्हाळ्याचा एक गोल हिरवा पट्टा होता. भोवतालचा सगळा गाळ वाळून करडा पडलेला असताना तेवढीच जागा ओली हिरवी होती. दादाला ती दिसल्याबरोबर त्याचा चेहरा उजळला. "एवढं हिरवं हितंच काहून असंल?" तो म्हणाला. तो स्वतःशी बोलला होता. माय म्हणाली, "आपल्या परसातलं असंल. मोरीचं पानी जायचं तिथं." तो पारावरून उतरला. चार पावलं चालला, थांबला, चौकट हिरव्या पट्ट्यावर टाकली आणि तिच्या आत गिरमिट उभं करून फिरवायला लागला. त्याला जोर लावावा लागला नाही. लोखंड आपोआप खाली गेलं, मुठीपर्यंत. त्याने वर आमच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "माय, हितं बूड लागंना."

मग तो कमरेपर्यंत आत होता. मध्ये काय झालं ते मी बघितलं नाही, मी बघत असूनही. एक जाड, चिकट आवाज झाला, आणि तो जिथे उभा होता तिथे त्याचं अर्धंच अंग होतं. त्याने हात पसरले. बांबूची चौकट त्याच्या छातीखाली आडवी आली आणि तिच्यावर तो अडकला. कामट्या वाकल्या. तो आणखी खाली गेला, काखेपर्यंत, आणि थांबला. "हलू नको," मी ओरडले. तो हलत नव्हता. त्याचं तोंड उघडं होतं, आवाज येत नव्हता.

मायने काय केलं ते लिहायला मला बराच वेळ लागला आहे. ती उजवीकडे बघत होती. तिचा हात अजून तिकडेच लांब होता. "आड तिकडं हाय," ती म्हणाली. "ह्यो आड न्हाई. वसंता, ह्यो आड न्हाई, आड तिकडं हाय." ती हे पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, समजावल्यासारखं, जणू गाळाला ते पटलं तर तो त्याला सोडेल. मग ती एकदम पारावरून उतरायला निघाली आणि मी तिला कमरेला मिठी मारून धरलं. माझ्याएवढ्या पोरीला ती सहज झिडकारू शकली असती. तिने झिडकारलं नाही. ती एक पाय उचलायची आणि पुन्हा तिथेच ठेवायची. आपण कुठे पाऊल टाकावं हे तिला कळत नव्हतं, आणि तिच्या अंगातून ते मला कळत होतं. त्या क्षणाइतकी मी आयुष्यात कधी घाबरले नाही. दादा बुडेल ही भीती होतीच. पण मी ज्या बाईला धरलं होतं तिला आता काहीच माहीत नव्हतं, आणि आमच्या भोवती सगळीकडे तसाच करडा गाळ होता.

मी हाका मारल्या. काठावरून बापू आणि मामू पळत आले. येताना ते आमच्या पावलांच्या खुणांवरूनच आले, एवढं भान त्यांना होतं. बापूंनी एक नजर टाकली आणि मागे वळून ओरडले, "बाज आन, मामू! खोपीतली बाज!" मामू टरबुजाच्या राखणीला ज्या बाजेवर झोपत ती डोक्यावर घेऊन आले. कुणीतरी वरच्या गावातून बघितलं होतं, पाठोपाठ माणसं आली, नाडे घेऊन, एकजण बैलजोडी सोडवून.

"बैल नका जुपू," बापू म्हणाले.

"दादाराव, लेकरू खाली चाललंय!" बैलवाला बापूंना नावाने हाक मारत म्हणाला.

"बैल नका जुपू म्हनलं ना! म्हशीचं काय झालं ते दिसलं न्हाई का तुमाला?"

बाज गाळावर आडवी टाकली. मामू तिच्यावर पोटावर सरपटत गेले. त्यांचं तोंड दादाच्या तोंडासमोर आलं. मी ते ऐकलं. "वसंता, मेरे राजा, मला बघ. खाली नको बघू. पाय हलतेत का?"

"न्हाई, मामू. कुणी धरल्यासारखं वाटायलंय."

"कोण धरतंय रे. गाळ हाय. गाळाला हात नसतेत."

त्यांनी नाडा दादाच्या काखेतून घातला. ओढायला लागले तर दादा किंचाळला. तेव्हा बापूंनी बायकांना घागरी आणायला सांगितलं. गाळपेरीत बैलाचा पाय रुतला की पायाशी पाणी ओततात, म्हणजे गाळाची पकड ढिली होते. बायका पाण्यापासून पारापर्यंत रांगेने उभ्या राहिल्या आणि घागरी हातोहात येऊ लागल्या. मामू बाजेवरून त्याच्या अंगाला लागून पाणी ओतत होते, माणसं नाडा ताणून धरत होती, ओढत नव्हती. थोडं पाणी, थोडा ताण. दादाची छाती दिसली. मग चौकट तुटली आणि तो पुन्हा हनुवटीपर्यंत गेला. रांगेतल्या एका बाईच्या हातून घागर पडून फुटली. मागची घागर पुढे आली. पुन्हा पाणी.

पुढे वृत्तपत्रात काम करताना अशा बातम्या मी असंख्य वेळा संपादित केल्या. गाळात अडकलेल्या तरुणाची ग्रामस्थांनी सुटका केली. चार ओळी, आतल्या पानावर. त्या चार ओळींत घागरींची रांग बसत नाही, आणि आपल्या माणसाची हनुवटी गाळाला टेकलेली बघताना आजूबाजूचं जग किती शांत होतं तेही बसत नाही. मी त्या ओळी कधी वाढवल्या नाहीत. जागा नसायची.

दादा निघाला तेव्हा एक पाय उघडा होता, चप्पल खाली राहिली, गिरमिट खाली राहिलं. त्याला पारावर निजवलं. तो डोक्यापासून पायापर्यंत एकाच रंगाचा झाला होता, फक्त डोळे वेगळे दिसत होते. तो उलटी करत होता आणि हसत होता. मामू त्याचे पाय चोळत म्हणत होते, "आता सरला सांग, माती आणली. अंगावरच आणली, पिशवी कशाला पायजे." लोक हसले. हसण्यात रडणं होतं, पण हसले.

माय त्याच्याजवळ गेली नाही. ती देवळासमोर, होती तिथेच उभी होती. बापू तिच्याकडे गेले. मला वाटलं आता ते तिला बोलतील. त्यांनी तिच्या खांद्यावरचा पदर सारखा केला, जे त्यांनी लोकांसमोर कधी केलं नव्हतं, आणि हळू आवाजात म्हणाले, "चल घरी."

"आवो," माय म्हणाली, "आड कोन्या हाताला व्हता?"

बापूंनी तुटलेल्या चौकटीकडे बघितलं. मग म्हणाले, "डाव्या."

"हापसा उजव्या हाताला हाय."

"हापसा सरकारनं बसवलाय. सरकारला काय ठावं आड कुठं व्हता. मंग लोकांनी त्याच्यापरमानं घरं घेतली. समदं उलटं झालं, डावं उजवं. तवा बोललो व्हतो आमी. तू नवी घागर घेऊन हापशावर गेली व्हतीस." त्यांनी हाताचा गाळ पुसला. "मंग कुनाच्या ध्यानात ऱ्हायलं न्हाई. माझ्याबी न्हाई. आता बघितल्यावर आठवलं."

"मंग आपलं घर?"

बापूंनी उजवीकडे, तिने हात लांब करून जिकडे जायचं नाही म्हणून सांगितलं होतं तिकडे, बोट केलं. तिथे भिंतीचं एक बुडखं होतं आणि गाळात अर्धवट बुडालेला एक सपाट दगड. माय त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. ती तिकडे गेली नाही. तिच्या तोंडावर ओळख पटल्याची कुठलीही खूण नव्हती.

मग तिने बापूंचा हात धरला, घट्ट, मला तिची बोटं पांढरी झालेली दिसली, आणि अगदी खालच्या आवाजात विचारलं, "मंग मी रोज सपनात कुनाच्या घरात जाऊन ऱ्हायले? चूल पेटवते, लेकरं निजवते. कुनाचं घर हाय ते?"

 बापूंनी तिला हाताला धरून पारावरून उतरवलं. माघारी जाताना ती त्यांच्या पावलांवर पाऊल ठेवत चालली, खाली बघत, आणि वाटेत कुठल्याच भिंतीचं नाव तिने घेतलं नाही.